जलस्तंभाचा पंचनामा

बंगळूरला समुद्र नाही. पूर्वेकडचा बंगालचा उपसागर आणि पश्चिमेकडचा अरबी समुद्र हे दोन्ही या शहरापासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर, आणि शहर स्वतः समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर. तेव्हा येथे बसून किनाऱ्याजवळच्या जलस्तंभांविषयी लिहिणे ही कोणाला अनधिकार चेष्टा वाटली तर त्यात नवल नाही. तथापि जलस्तंभ हा पाण्यापेक्षा ढगाचा विषय आहे, आणि ढगांच्या मुलखातील बंगळूरची जहागिरी शहाजीराजांना येथे मिळालेल्या जहागिरीइतकी जुनी नसली तरी पुष्कळ भक्कम आहे. चैत्र-वैशाखात येथे कोसळणारा वळीव, भारतीय विज्ञान संस्थेत आणि जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात ढगांवर झालेले काम, आणि जिच्या उपग्रहांतून देशभरचे ढग दररोज पाहिले जातात त्या इस्रोचे मुख्यालय, एवढी कागदपत्रे या शहराच्या बाजूने सहज रुजू करता येतील. शिवाय रात्रीच्या गाडीत बसले की सकलेशपूरचा घाट उतरून सकाळी कारवारच्या वाळूवर उभे राहता येते, ही सोय निराळीच.

ढगाच्या तळातून खाली लोंबणारे निमुळते नरसाळे जमिनीला वा पाण्याला टेकलेले नसेल तोवर त्याला नरसाळे-ढग म्हणतात. तेच पाण्यापर्यंत पोहोचले म्हणजे जलस्तंभ, आणि जमिनीवर उतरले म्हणजे टॉर्नेडो. जागतिक हवामान संघटनेच्या मेघ-चित्रसंग्रहात या नरसाळ्याला ‘ट्यूबा’ हे लॅटिन नाव असून, मेघांच्या जाती-उपजातींच्या वर्गवारीत त्याची पूरक लक्षण म्हणून रीतसर नोंद आहे. परंतु वर्गवारीत जागा मिळाली म्हणून या पदार्थाचा ठावठिकाणा लागतो असे नाही. रुंदी काही दहा मीटर, आयुष्य बहुधा पाच ते वीस मिनिटे, आणि जन्म भर समुद्रात, अशी ज्याची स्थिती, त्याच्याविषयी जो पुरावा हवामानशास्त्राच्या दप्तरी दाखल होतो तो बहुतेक वेळा यंत्राचा नसून माणसाचा असतो. म्हणजे कोणी तरी प्रत्यक्ष पाहिल्याची जबानी आणि जोडीला एखादे छायाचित्र. ती जबानी पक्की कशी व्हावी, हाच या लेखाचा खरा विषय आहे.

वळवाचा ढग

एप्रिल महिन्यात बंगळूरच्या एखाद्या गच्चीवर दुपारी दोनच्या सुमारास जाऊन उभे राहिले, तर ढग कसा घडतो याचा पहिला धडा फुकट मिळतो. सकाळपासून तापलेल्या पठारावरची हवा ठिकठिकाणी वर चढू लागते आणि निळ्या आकाशात पांढरे राशिमेघ उमटतात. त्यांचे तळ सगळे एकाच पातळीवर कापल्यासारखे सपाट असतात, कारण त्याच उंचीवर वर चढणारी हवा थंड होत होत दवबिंदूला पोहोचते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब होऊ लागतात. बाष्पाचे पाणी होताना जी सुप्त उष्णता बाहेर पडते ती ढगातील हवेला आणखी ऊब देते, ऊब मिळाली की ती आणखी वर जाते, आणि अनुकूल दिवस असला तर तास-दीड तासात त्या राशीतून बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा गर्जन्मेघ उभा राहतो. त्याचा माथा वरच्या थरात अडून सपाट होतो आणि वाऱ्याच्या दिशेने लांबवर पसरतो, पोटाखाली निळसर काळोख दाटतो, आणि पाऊस पोहोचण्याच्या आधी गार वाऱ्याची झुळूक येऊन वाळत घातलेले कपडे उडवते. येथील आम्रसरींचा हा नित्यक्रम आहे. पण हाच ढग कधी कधी किती निष्ठुर होऊ शकतो हे २ जून २०२४ रोजी दिसून आले, जेव्हा एका दिवसात १११ मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडून जून महिन्याचा १८९१ सालापासूनचा विक्रम मोडला आणि संपूर्ण महिन्याच्या सरासरीचे पाणी एका दिवसात रस्त्यांवर आले.

मग अशा बलाढ्य ढगाखाली बंगळूरकरांना नरसाळे का दिसत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे एक उत्तर साध्या हिशेबात आहे. हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, तितके गुणिले १२५ मीटर, एवढ्या उंचीवर राशिमेघाचा तळ असतो. एप्रिलच्या दुपारी पठारावर तापमान ३४ अंश आणि दवबिंदू १८ अंश असला तर फरक १६ अंशांचा, म्हणून ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे दोन किलोमीटर वर. किनाऱ्यावर मात्र तापमान ३१ आणि दवबिंदू २५ असला तर फरक अवघा सहा अंशांचा, आणि तळ साडेसातशे मीटरांवर. पठारावरच्या ढगातून निघालेले एखादे नरसाळे जमिनीकडे येऊ म्हणेल तर त्याला कोरड्या हवेतून दोन किलोमीटरांचा प्रवास करावा लागेल. तेथे पावसाच्या धारादेखील पुष्कळदा वाटेतच विरून जातात. उलट समुद्रावर ढग खाली झुकलेला आणि हवा बाष्पाने भरलेली, त्यामुळे नळीचा प्रवास थोडक्यात आटोपतो. पठारावर भोवरा उठतो तो उघड्या मैदानातील धुळीची वावटळ होऊन. तिच्या माथ्यावर ढग असावाच लागतो असे नाही.

नळी उतरते कशी

जलस्तंभ म्हणजे समुद्राचे पाणी ढगात ओढले जाणे, ही समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. वस्तुतः जी करड्या रंगाची नळी आपल्याला दिसते ती बव्हंशी ढगाचीच बनलेली असते. गरगर फिरणाऱ्या हवेच्या गाभ्यात दाब कमी होतो, दाब कमी झाला की हवा प्रसरण पावून थंड होते, आणि एरवी साडेसातशे मीटरांवर ज्या बाष्पाचे थेंब झाले असते त्याचे थेंब गाभ्यात त्याहून बरेच खाली होऊ लागतात. म्हणजे ढगाचा तळच तेवढ्या जागेपुरता खाली खेचला जातो. समुद्राचे खरे पाणी असते ते केवळ पायथ्याशी, फवाऱ्याच्या कड्याच्या रूपाने, आणि तेही फार उंच जात नाही.

या भोवऱ्यांचे दोन प्रकार मानतात. एक वादळी जलस्तंभ, जो मोठ्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या गर्जन्मेघातून वरून खाली घडत येतो आणि ज्याला समुद्रावरचा टॉर्नेडो म्हणावे इतका तो विध्वंसक असू शकतो. दुसरा, आणि संख्येने पुष्कळ अधिक, तो शांत हवेतील जलस्तंभ. याची घडण उलट्या क्रमाने होते. कोमट समुद्र, मंद वारा आणि वर नुकतीच वाढीला लागलेली राशिमेघांची ओळ, अशी स्थिती असताना जमिनीवरून येणारे आणि समुद्रावरून येणारे वारे, किंवा एका सरीतून निघालेली गार हवा आणि आजूबाजूची उबदार हवा, जेथे समोरासमोर येतात त्या रेषेवर पाण्यालगत लहान लहान भोवरे उठत असतात. त्यांतील बहुतेक जागच्या जागी मरतात. एखाद्याच्या नेमक्या माथ्यावर ढगाचा जोरदार ऊर्ध्वप्रवाह आला तर तो भोवरा उभा ताणला जातो, ताणला की अरुंद होतो, आणि दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरी बोटाभोवती गुंडाळत गेली म्हणजे दगडाच्या गिरक्या जशा भराभर होऊ लागतात तसा अरुंद होता होता वेगवान होतो. पृथ्वीच्या परिवलनाचा जो परिणाम मोठ्या चक्रीवादळांना ठरावीक दिशेने फिरवतो त्याचा अंमल इतक्या लहान भोवऱ्यावर थेट चालत नाही, आणि म्हणूनच जलस्तंभ क्वचित घड्याळाच्या दिशेनेही फिरताना आढळतात.

शांत हवेतील जलस्तंभाचा जीवनक्रम आज नीट ठाऊक आहे, याचे श्रेय अमेरिकेतील जोसेफ गोल्डन या हवामानशास्त्रज्ञाला जाते. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या बेटांच्या रांगेवर दर वर्षी शेकड्यांनी जलस्तंभ होतात. तेथे १९६९ साली गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून त्यांचा पाठलाग केला, समुद्रावर धुराचे बाण टाकून धूर कसा वळतो ते पाहिले, आणि पाच अवस्थांचा क्रम निश्चित केला. प्रथम पाण्यावर फिकट रंगाची चकती दिसते आणि तिच्याभोवती गडद वलय. या वेळी वर नरसाळे असेलच असे नाही. मग त्या डागाभोवती फिक्या-गडद पट्ट्यांची सर्पिल नक्षी उमटते. तिसऱ्या अवस्थेत वारा पाणी उडवू लागतो आणि फवाऱ्याचे कडे तयार होते. चौथी अवस्था पूर्ण वाढलेल्या स्तंभाची, ज्यात ढगापासून पाण्यापर्यंत नळी अखंड दिसू शकते. पाचवीत शेजारच्या सरीतील गार हवा पायथ्याशी शिरते, उबदार हवेचा पुरवठा तुटतो, नळी वाकडी होऊन दोरासारखी बारीक होते आणि तुटते. यातली पहिली अवस्था उंचावरूनच दिसते आणि वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही, ही गोष्ट जागा निवडताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यंत्रांच्या नजरेआड

आता कोणी म्हणेल की रडार आणि उपग्रह असताना डोळ्यांनी पाहणाऱ्याची एवढी मातब्बरी कशाला? याचे उत्तर भूमितीत आहे. रडारचा झोत क्षितिजापासून अर्धा अंश वर धरला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे शंभर किलोमीटरांवर तो समुद्रापासून जवळजवळ दीड किलोमीटर उंचीवरून जातो. म्हणजे ज्या ढगाचा तळ सात-आठशे मीटरांवर आहे त्याच्या पोटाचे चित्र तो आणील, परंतु तळाखाली लोंबणाऱ्या नळीवरून तो सरळ निघून जाईल. इन्सॅट-३डी मालिकेतील उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवरून दृश्य प्रकाशात जे चित्र घेतात त्यातील लहानात लहान ठिपका एक किलोमीटर लांबी-रुंदीचा असतो. पन्नास मीटरांचा स्तंभ त्यात कोठे हरवला हे सांगता येणार नाही, आणि एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंतच्या अवधीत तो जन्मून मरूनही गेलेला असेल.

याचा अर्थ वरून घेतलेली चित्रे निरुपयोगी असा कोणी करू नये. ती निराळ्या मापाच्या प्रश्नांना उत्तर देतात, आणि या बाबतीतील एक थोर उदाहरण बंगळूरचे आणि मराठी माणसाचे आहे. पुण्यात १९४४ साली जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून हार्वर्डपर्यंत गेलेल्या सुलोचना गाडगीळ १९७३ साली भारतीय विज्ञान संस्थेत आल्या, आणि पुढे तेथील वातावरणविज्ञानाच्या केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील उपग्रहचित्रे दिवसागणिक पाहिली, भारताच्या रेखांशांवर सर्वाधिक ढग कोणत्या अक्षांशावर आहेत ते रोजच्या रोज नोंदले, आणि १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की पावसाळ्यात ढगांचा पट्टा विषुववृत्तानजीकच्या समुद्रावरून उत्तरेकडे सरकत येतो व काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येत राहतो. मोसमी पाऊस म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकाने वाहणारे मोठे खारे वारे, या शाळेपासून पाठ असलेल्या कल्पनेला त्यामुळे जबरदस्त हादरा बसला. त्या कामात चित्रांइतकेच, किंबहुना चित्रांहून अधिक, महत्त्व होते ते न कंटाळता तारीखवार केलेल्या नोंदींना.

बंगळूरचेच दुसरे उदाहरण, उपग्रहाचे नसून प्रयोगशाळेतील चित्रांचे, शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांचे. ढग आजूबाजूची कोरडी हवा आत कशी घेतो, हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि आकाशातील ढग प्रयोगासाठी धरून ठेवता येत नाही म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या हौदातच ढग घडवला. किंचित आम्ल मिसळलेल्या पाण्याचा झोत स्थिर पाण्यात वर सोडायचा, आणि तारांच्या जाळ्यांतून वीज सोडून तो झोत वाटेतच मधोमध तापवायचा, म्हणजे बाष्पाचे पाणी होताना ढगाला मिळणाऱ्या सुप्त उष्णतेची नक्कल होते, अशी ती युक्ती होती. अशा तऱ्हेने तापवलेला झोत साध्या झोताप्रमाणे रुंद होत न जाता राशिमेघाचे आकार धारण करतो, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील छायाचित्रांत उघड दिसते.

पाहणाऱ्यांची परंपरा

१७ मे १७७३ रोजी कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘रेझोल्यूशन’ जहाज न्यूझीलंडच्या दोन बेटांमधील सामुद्रधुनीत असताना त्याच्या आसपास एकामागून एक जलस्तंभ उठले, आणि त्यांतील एक तर जहाजापासून पन्नास यार्डांच्या आत येऊन गेला. तोफ डागली की जलस्तंभ मोडतो, असे कुक यांनी ऐकले होते. तोफही तयार होती. पण पाहण्यात इतके गुंतून गेलो की तो प्रयोग करण्याचे राहूनच गेले, अशी कबुली त्यांनी आपल्या वृत्तांतात दिली आहे. तोफ डागली असती तर शास्त्राला काही लाभ झाला असता असे वाटत नाही; उलट त्यांनी आणि सफरीवरील निसर्गशास्त्रज्ञांनी लक्षपूर्वक पाहून जे लिहून ठेवले, आणि जहाजावरील चित्रकार विल्यम हॉजेस यांनी पुढे जे तैलचित्र केले, त्यांचा उपयोग आजही होतो.

कॅमेरा आल्यावर या परंपरेला मापाची जोड मिळाली. १९ ऑगस्ट १८९६ रोजी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ, उन्हाळी पाहुण्यांनी गजबजलेल्या कॉटेज सिटीच्या समोर भर दुपारी एक प्रचंड जलस्तंभ उतरला, आणि किनाऱ्यावरच्या अनेकांनी निरनिराळ्या जागांवरून त्याची छायाचित्रे घेतली. अमेरिकेच्या हवामान खात्यातील फ्रँक बिगेलो यांनी ती चित्रे व साक्षीदारांची निवेदने एकत्र करून, कोण कोठे उभे होते आणि कोणाला स्तंभ कोणत्या दिशेला दिसला याचा ताळा घातला, आणि त्यावरून स्तंभाची उंची सुमारे ३,६०० फूट, म्हणजे अकराशे मीटरांच्या आसपास होती असे काढले. त्याच वर्षी पहिला आंतरराष्ट्रीय मेघ-चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

याच रीतीची पराकाष्ठा जपानी वंशाचे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी केली. २० जून १९५७ रोजी अमेरिकेतील फार्गो शहरावर टॉर्नेडो आला, तेव्हा नागरिकांनी घेतलेली दीडशेहून अधिक छायाचित्रे फुजितांनी मिळवली. प्रत्येक चित्र कोणत्या अंगणातून वा रस्त्यावरून घेतले ते जागेवर जाऊन मोजले, वेळेनुसार त्यांची क्रमवारी लावली, आणि गर्जन्मेघाच्या पोटाखाली भिंतीसारखा उतरणारा जो भाग नळीची जननी असतो त्याचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. ज्यांनी ती छायाचित्रे काढली त्यांतील बहुतेक जण हवामानशास्त्राशी काडीचाही संबंध नसलेले सामान्य लोक होते.

आपल्या देशातही असे भोवरे परके नाहीत. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीतून, विद्यापीठाच्या परिसराला चाटून गेलेला टॉर्नेडो, ३१ मार्च २००९ रोजी ओडिशातील राजकनिकाचा, आणि ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यातील मैनागुडीचा, हे सगळे वळवाच्या दिवसांतील होते. २५ मे २०२१ रोजी, यास चक्रीवादळ किनाऱ्यावर येण्याच्या आदल्या दिवशी, हुगळी नदीच्या दोन्ही तीरांवर चुंचुडा-हालीशहर भागात जो भोवरा उठला तो तर लोकांच्या मोबाइलमध्ये चित्रित होऊन काही तासांत देशभर पोहोचला.

दिसले ते नोंदावे कसे

मोबाइलने छायाचित्रकारांची संख्या अफाट वाढवली, परंतु साक्षीची प्रत त्या प्रमाणात सुधारली नाही. कारण ज्या चित्रात वेळ, जागा आणि दिशा नाही ते कितीही देखणे असले तरी पंचनाम्याच्या कामाचे नसते. १९ ऑगस्ट २०२४ रोजी सिसिलीच्या किनाऱ्याजवळ ‘बायेसियन’ ही शिडाची नौका बुडून सात जण मरण पावले, तेव्हा जलस्तंभाने ती बुडवली असे पहिल्या दिवसापासून सर्वत्र छापून आले. पुढे ब्रिटिश अपघात-तपास खात्याच्या अंतरिम अहवालाने भर दिला तो बाजूने आलेल्या ताशी १३० किलोमीटरांच्या घरातील सोसाट्याच्या वाऱ्यावर. काळोखात आणि घबराटीत माणूस काय पाहतो आणि काय पाहिले असे समजतो, यांतले अंतर मोठे असते.

म्हणून पहिला नियम असा की लोंबणारे प्रत्येक टोक नरसाळे मानू नये. पावसाच्या तिरप्या धारा, तळाखाली तुटून वाहणारे फाटके ढग, दूरच्या बोटीचा धूर, हे सगळे फसवणारे ऐवज आहेत. अर्धा मिनिट नजर स्थिर ठेवून ते टोक स्वतःभोवती फिरते आहे का, एवढेच पाहावे. आपल्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे सरकताना दिसली तर भोवरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आहे, आणि उजवीकडून डावीकडे सरकली तर घड्याळाच्या दिशेने.

दुसरा नियम क्षितिजाचा. पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटरांपेक्षाही जवळ असते. पंधरा किलोमीटरांवर जलस्तंभ झाला तर त्याच्या पायथ्याचे सुमारे आठ मीटर पृथ्वीच्या गोलाईआड जातात, आणि फवाऱ्याचे कडे नेमके त्याच आठ मीटरांत असू शकते. मग पाण्याला टेकलेला स्तंभ टेकला नाही असे वाटते, आणि जबानीत जलस्तंभाच्या जागी नरसाळे-ढगाची नोंद होते. हाच माणूस साठ मीटर उंचीच्या एखाद्या सड्यावर चढला तर त्याचे क्षितिज सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांपर्यंत सरते आणि पायथा साफ दिसतो. कोकणात आणि कारवारकडे असे सडे समुद्राला लागूनच आहेत. मात्र वीज चमकत असताना त्यांच्यासारखी धोक्याची जागा नाही, आणि सड्यावरचे निरीक्षण हे दूरच्या, न गडगडणाऱ्या ढगापुरतेच ठेवावे.

तिसरा नियम चित्राच्या चौकटीचा. मोबाइल आडवा धरून पहिले चित्र रुंद घ्यावे, ज्यात ढगाचा तळ, नळी, क्षितिज आणि किनाऱ्यावरची एखादी न हलणारी खूण, मग तो दीपस्तंभ असो, धक्का असो की माड असो, सगळे एकत्र येईल. जवळचे चित्र त्यानंतर. आकाश उजळ आणि समुद्र काळा असतो, म्हणून पडद्यावर ढगावर बोट टेकवून प्रकाश तेथेच पक्का करावा, नाही तर नळी पांढऱ्या आकाशात विरघळून जाते. पुढे तिपाईवर किंवा कठड्यावर टेकवून अर्ध्या-एक मिनिटाचे चलच्चित्र घ्यावे, आणि त्यात बोलूनच वेळ, गावाचे नाव व होकायंत्रातील दिशा सांगावी. रंग गडद करणे, कडा उठावदार करणे हे घरी गेल्यावर प्रतीवर करावे आणि मूळ चित्राला हात लावू नये.

चौथा नियम मापाचा. हात ताठ धरला तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश आणि मधल्या तीन बोटांची सुमारे पाच अंश भरते. स्तंभ दहा किलोमीटरांवर असून तो तीन बोटे उंच दिसला, तर त्याची उंची सुमारे पावणेनऊशे मीटर. पण अंतर कळायचे कसे? एकट्या माणसाला ते कळणे कठीण. दोघांना सोपे आहे. एक जण कारवारला आणि दुसरा उत्तरेला काही किलोमीटरांवर माजाळीला उभा राहून दोघांनी एकाच मिनिटाला चित्र घेतले आणि आपापली दिशा नोंदली, तर नकाशावर दोन रेषा जेथे छेदतात तेथे स्तंभ. बिगेलोंनी १८९६ च्या चित्रांवर चालवलेली ताळ्याची रीत ती हीच.

आणि या सर्वांच्या वर एक नियम आहे तो जिवाचा. भारतात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यामानाने जलस्तंभाने मरणारे नगण्य. गडगडाट ऐकू आला की वाळू सोडावी, पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने काढलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा संभव मोबाइलवर कळवते. ते किनाऱ्यावर जाणाऱ्याजवळ असावेच. होडीत असणाऱ्याने स्तंभ ज्या दिशेने सरकतो आहे तिला काटकोन करून दूर व्हावे, त्याच्याशी शर्यत लावू नये, आणि चित्र घेण्यासाठी तांडेलाला होडी जवळ नेण्याचा आग्रह तर मुळीच करू नये.

बंगळूरच्या रहिवाशाला या उद्योगाची तालीम घरबसल्या करता येते, हे मी मुद्दाम सांगू इच्छितो. वळवाच्या प्रत्येक ढगाचे एक रुंद चित्र, वेळ, दिशा आणि त्या घटकेचे तापमान व दवबिंदू, एवढे वहीत मांडले की ढगाचा तळ किती उंचीवर आहे याचा अंदाज आकडेमोड न करता बांधता येऊ लागतो, फाटका ढग आणि फिरणारे टोक यांतला भेद डोळ्यांत मुरतो, आणि प्रसंग पडेल तेव्हा हात आपोआप रुंद चित्राकडे जातो. जलस्तंभ दिसणे आपल्या हाती नाही. परंतु दिसल्यास त्या दहा मिनिटांची जी जबानी आपण लिहून ठेवू तीच कदाचित त्या घटनेची एकमेव जबानी असेल. तेव्हा ती तारीख, वार, वेळ आणि दिशेसह द्यावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तिच्यावर फिर्याद उभी करता येईल.